‘संदेश आलाच नाही’: विद्यापीठ परिसरातील आपत्कालीन मोबाईल सूचना नेमक्या कुठे अडतात

पूर्व विदर्भात जंगलाला किंवा नदीकाठाला लागून असलेल्या निवासी महाविद्यालयांत आणि विद्यापीठ परिसरांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक तक्रार ठरलेली असते. विजा पडण्याचा इशारा, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहू लागल्याची सूचना किंवा वसतिगृहामागे बिबट दिसल्याचा संदेश कार्यालयाने पाठवलेला असतो, पोर्टलवर तो पाठवला गेल्याची नोंदही असते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी बरेच विद्यार्थी सांगतात की आम्हाला काही आलेच नाही. मग कार्यालय विद्यार्थ्यांच्या फोनकडे बोट दाखवते, विद्यार्थी नेटवर्कला नावे ठेवतात आणि ग्राहक सेवा केंद्र फोन एकदा बंद करून सुरू करायला सांगते. पुढच्या पावसाळ्यात हेच सगळे पुन्हा घडते, कारण मधल्या काळात कोणी काही शोधलेलेच नसते.

अशाच एका परिसराच्या संगणक कक्षात हे काम माझ्याकडे असते, आणि त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगता येते की ‘संदेश आला नाही’ हा एक दोष नाही. संदेश कार्यालयातून सुटण्याआधीच अडू शकतो, मोबाईल कंपनीच्या छाननीत गळू शकतो, टॉवर आणि फोन यांच्यामध्ये हरवू शकतो किंवा फोनमध्ये पोचूनही न वाजता पडून राहू शकतो. या चारही ठिकाणचा इलाज वेगळा आहे, आणि ठिकाण न शोधता केलेला इलाज वाया जातो. सर्वसाधारण समज असा की दोष बहुधा फोनमध्ये असतो. प्रत्यक्षात तो कार्यालयाच्या क्रमांकांच्या यादीत आणि संदेशाच्या नोंदणीकृत मसुद्यात अधिक वेळा सापडतो. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी.

आधी वितरण अहवाल वाचावा

संस्थेचे समूह संदेश मोबाईल कंपन्यांकडे पाठवणाऱ्या पुरवठादाराच्या पोर्टलवरून त्या संदेशाचा वितरण अहवाल उतरवून घ्यावा आणि एक्सेलमध्ये उघडून तो स्थितीच्या रकान्यानुसार लावावा. ‘सबमिटेड’ याचा अर्थ पुरवठादाराने संदेश मोबाईल कंपनीकडे सोपवला, एवढाच आहे. ‘डिलिव्हर्ड’ याचा अर्थ हँडसेटने पोच दिली, असा आहे. पोर्टलच्या मुख्य पानावर हिरव्या रंगात दिसणारे ‘यशस्वी’ पुष्कळदा पहिल्या अर्थाचे असते, आणि तेवढ्यावर विसंबून ‘आम्ही पाठवला होता’ असे सांगणे म्हणजे टपाल पेटीत टाकल्यावर पत्र पोचल्याची खात्री देण्यासारखे आहे.

अहवालातील एकेका ओळीपेक्षा तिचा समूह जास्त बोलतो. सगळ्याच ओळी ‘फेल्ड’ असतील तर दोष मसुद्यात, शीर्षकात (संदेश पाठवणाऱ्याच्या जागी दिसणाऱ्या नावात), नोंदणीत किंवा संपलेल्या शिल्लक संदेशांत आहे. फोन तपासण्याचे कारणच नाही. एकाच कंपनीचे क्रमांक प्रलंबित आणि बाकीच्यांना संदेश मिळालेला असेल तर त्या कंपनीचा जवळचा टॉवर बंद होता असे समजावे. विखुरलेले क्रमांक अपयशी असतील तर ते क्रमांक जुने, बंद किंवा चुकीचे आहेत. आणि अहवालात ‘डिलिव्हर्ड’ असूनही विद्यार्थी नाही म्हणत असेल, तरच त्याचा फोन हातात घ्यावा. त्यातही आधी एवढेच विचारावे की यादीत आहे तो क्रमांक तुझाच आहे का.

यादीतील क्रमांक कोणाच्या खिशात आहे

हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका नाही. आमच्या भागात प्रवेश अर्ज विद्यार्थी स्वतः घरी बसून भरत नाही. तो तालुक्याच्या गावातील नेट कॅफेत किंवा महा-ई-सेवा केंद्रात भरला जातो. ओटीपी लगेच हवा असतो, मुलाच्या फोनला तिथे रेंज नसते किंवा त्याच्याकडे फोनच नसतो, म्हणून केंद्रचालक स्वतःचा क्रमांक टाकून मोकळा होतो. दुसरा प्रकार असा की क्रमांक वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. मुलगी परिसरातील वसतिगृहात आणि तिच्यासाठीचा ‘बाहेर पडू नका’ हा संदेश भामरागडकडच्या एखाद्या गावात, जिथे पर्लकोटा नदीच्या पुरात पूल पाण्याखाली गेला की संपर्कच तुटतो.

हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. संपूर्ण यादीत क्रमांकांच्या रकान्यावर पुनरावृत्ती शोधण्याची सोय लावावी. एकच क्रमांक पाच-सहा विद्यार्थ्यांच्या नावापुढे दिसला आणि ते सगळे एकाच तालुक्याचे निघाले, तर तो केंद्रचालकाचा क्रमांक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन नावांपुढे एक क्रमांक असेल तर ती बहुधा भावंडे असतात. याच वेळी रकान्याचे स्वरूपही पाहावे: एक्सेल दहा अंकी क्रमांकाला संख्या समजून कधी घातांकाच्या रूपात लिहितो, कुणी आधी शून्य जोडलेले असते, कुणी मध्ये जागा सोडलेली असते, तर कुणी मराठी अंक वापरलेले असतात आणि पोर्टल ते क्रमांक गुपचूप वगळते. क्रमांकाचा रकाना नेहमी मजकूर या प्रकारात ठेवावा, अंक इंग्रजी असावेत आणि पहिला अंक सहा ते नऊ यांपैकी नसेल तर ती ओळ बाजूला काढावी.

यादी एकदा स्वच्छ केली म्हणजे झाले, असेही नाही. स्वस्त रिचार्जसाठी विद्यार्थी सिम बदलतात, रिचार्ज संपून काही दिवस लोटले की येणारे संदेशही थांबतात, आणि दीर्घकाळ वापरात नसलेला क्रमांक कंपनी बंद करून कालांतराने दुसऱ्याच ग्राहकाला देते. परिणामी तुमच्या बिबटाची सूचना एखाद्या अनोळखी माणसाला जाते आणि अहवालात ती ‘डिलिव्हर्ड’ म्हणून झळकते. यावर वर्षातून दोनदा पडताळणी हाच उपाय आहे, आणि त्यासाठी वेगळे शिबिर भरवण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थी स्वतः येतो अशी वेळ पकडावी. आमच्या मते परीक्षेचे हॉल तिकीट देण्याची वेळ सर्वांत चांगली: खिडकीवर त्याच क्षणी त्याच्या क्रमांकावर चाचणी संदेश पाठवावा, त्यातील चार अंक त्याने वाचून दाखवावेत आणि मगच सही घ्यावी.

विद्यार्थ्यांची यादी बरोबर असली तरी परिसरात फक्त विद्यार्थी राहत नाहीत. रात्रपाळीचा चौकीदार, मेसमधील स्वयंपाकी, प्रक्षेत्रावर, म्हणजे संस्थेच्या शेतावर, येणारे रोजंदारी मजूर, कर्मचारी निवासस्थानांतील कुटुंबे यांचे क्रमांक बहुतेक ठिकाणी कोणत्याच यादीत नसतात, कारण यादी प्रवेश विभागाच्या नोंदीतून तयार होते. वास्तविक पहाटे उघड्यावर असणारी माणसे तीच आहेत. कंत्राटी कामगारांची वेगळी यादी करून ती कंत्राट बदलेल तेव्हा बदलावी.

छाननीत अडणारा मसुदा

सगळेच संदेश अपयशी झाले असतील तर पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेला समूह संदेश पाठवायचा असेल तर तिची स्वतःची नोंदणी, संदेशापुढे येणारे शीर्षक आणि संदेशाचा मसुदा या तिन्ही गोष्टी मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी या सामायिक डिजिटल नोंदवहीत आधी मंजूर करून घ्याव्या लागतात. पाठवलेला प्रत्येक संदेश त्या मंजूर मसुद्याशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर तो विद्यार्थ्यापर्यंत जातच नाही. नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे, परंतु संकटाच्या वेळी घाईने लिहिलेला मजकूर तिच्या दृष्टीने जाहिरातीइतकाच संशयास्पद असतो.

पहिली तपासणी मसुद्याच्या प्रवर्गाची करावी. प्रवेशाच्या जाहिरातींसाठी घेतलेली नोंदणी पुढे सूचनांसाठीही वापरली गेली तर संदेश ‘प्रमोशनल’ ठरतो. असा संदेश डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, सुरू असलेल्या क्रमांकांना जात नाही आणि रात्रीच्या वेळी तर कोणालाच जात नाही. आपत्कालीन सूचनेचा मसुदा सेवा प्रवर्गात, तोही वेगळ्या संमतीची गरज नसलेल्या उपप्रवर्गात नोंदवलेला असावा. २०२५ मधील सुधारणेनंतर शीर्षकाच्या शेवटी प्रवर्ग दाखवणारे अक्षर येते, त्यामुळे आपल्याच फोनवर आलेला जुना संदेश उघडून शेवटी ‘पी’ आहे की ‘एस’, हे कोणालाही पाहता येते.

दुसरा दोष बदलत्या मजकुराच्या जागेत असतो. मसुद्यात स्थळ, वेळ अशा बदलत्या गोष्टींसाठी रिकाम्या जागा सोडलेल्या असतात आणि अशा एका जागेत साधारणतः ३० अक्षरांची मर्यादा असते. ही अक्षरे यंत्र मोजते तशी असतात. मराठी माणूस मोजतो तशी नव्हेत. ‘मुलांच्या वसतिगृहामागील नाल्याजवळ’ हे स्थळ डोळ्यांना सोळा अक्षरांचे दिसते, परंतु काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त आणि मधल्या मोकळ्या जागा धरून यंत्राच्या लेखी ते ३३ भरते, आणि मर्यादेबाहेर गेल्यामुळे संपूर्ण संदेश नाकारला जातो. ‘वसतिगृहामागे’ एवढेच लिहिले तर १२ मध्ये काम भागते. परिसरातील प्रत्येक ठिकाणाचे एक आखूड नाव आधीच ठरवून, मोजून, पाठवणाऱ्याच्या टेबलावर लावून ठेवावे. रात्री अकरा वाजता कोणी हलन्त मोजत बसत नाही.

तिसरा दोष मराठीतच आढळतो आणि तो शोधायला फार वेळ खातो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ‘वादळी वाऱ्यासह पाऊस’ या शब्दांतील ‘ऱ्या’ टंकित करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून साठवला जातो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह साठवले जाते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण छाननी यंत्रणेला ते दोन वेगळे मजकूर वाटतात. ‘ॲम्ब्युलन्स’ आणि ‘ॲप’ यांतील ‘ॲ’ची गतही तीच आहे. मसुदा एका संगणकावर मंजूर करून घेतला आणि प्रत्यक्ष संदेश दुसऱ्याच्या मोबाईलवर नव्याने टंकित केला, की सगळे शब्द बरोबर असूनही अहवालात मसुदा जुळत नसल्याचे कारण येते आणि प्रूफ कितीही वाचले तरी चूक दिसत नाही. यासाठी संदेश कधीही नव्याने टंकित करू नये. मंजूर मसुदा पोर्टलमधूनच निवडावा आणि रिकाम्या जागाच भराव्यात. व्हॉट्सॲपवरून मजकूर उचलून चिकटवणे तर टाळावेच, कारण त्यासोबत मोकळ्या जागा आणि ओळी तोडणारी चिन्हेही येतात. नवीन मसुदा लिहितानाच ‘वाऱ्यासह’ऐवजी ‘वादळ व पाऊस’ असा साधा पर्याय निवडला तर प्रश्नच उरत नाही.

आणखी दोन गोष्टी झटपट तपासून घ्याव्यात. संदेशात दुवा असेल तर तो आधी मंजूर करून घेतलेला असावा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेले दुवे असलेले संदेश अडवले जातात. आणि संस्थेने संदेश पुरवठादार बदलला असेल तर संस्था ते कंपनी या साखळीतील प्रत्येक मध्यस्थाची नोंद नव्याने करावी लागते. डिसेंबर २०२४ पासून ही साखळी अपुरी असलेले संदेश नाकारले जातात. निविदा बदलली, पुरवठादार बदलला, पण नोंदवहीतली साखळी जुनीच राहिली, असे सरकारी खरेदीत सहज घडते.

सत्तर अक्षरांत बसवणे

मराठी संदेशाचा एक भाग ७० अक्षरांचा असतो. इंग्रजी लिपीत तो १६० चा असतो. मराठी संदेश त्याहून लांबला की त्याचे प्रत्येकी ६७ अक्षरांचे भाग पडतात, आणि क्षीण नेटवर्कमध्ये एखादा भाग मागे राहिला तर अनेक हँडसेट उरलेले भागही दाखवत नाहीत. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ या कार्यालयीन सुरुवातीतच निम्म्याहून अधिक जागा संपते. एकट्या ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दाला यंत्राच्या हिशेबात १५ अक्षरे लागतात. सूचना अशी असावी: ‘बिबट्या दिसला, नर्सरी रस्ता. खोलीतच थांबा. रात्री ९.४०, १२ ऑगस्ट.’ ही ६५ अक्षरे आहेत. संस्थेचे नाव मसुद्यात द्यावे लागत असेल तर त्याचे आखूड रूप नोंदवून शेवटी ठेवावे.

वेळ आणि तारीख संदेशातच लिहिण्याचा आग्रह मुद्दाम आहे. फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर कंपनीची यंत्रणा संदेश साठवून ठेवते आणि फोन पुन्हा लागेल तेव्हा पोचवते. काल रात्रीची सूचना आज दुपारी पोचली आणि तिच्यात वेळ नसेल, तर भर उन्हात वसतिगृह पुन्हा कड्या लावून बसते. आणि असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी खरी सूचनाही कोणी मनावर घेत नाही. पुरवठादाराला सांगून आपत्कालीन संदेशांची साठवण मुदत कमी करून घ्यावी. विजेच्या इशाऱ्यासाठी एक तासापेक्षा जास्त मुदतीला काही अर्थ नाही.

लाइन गेली की टॉवरही जातो

एकाच कंपनीचे संदेश प्रलंबित राहण्याचे कारण आपल्याकडे बहुतेक वेळा खंडित वीजपुरवठा हेच असते. वादळात फांद्या तारांवर पडतात, लाइन जाते, टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो आणि नंतर बंद पडतो. डिझेल जनित्र असेल आणि त्यात डिझेल असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्या हवामानात इशारा द्यायचा असतो तेच हवामान इशाऱ्याची वाट बंद करते. कधी कधी फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरीही काही जात-येत नाही. तेव्हा टॉवर चालू असतो, मात्र त्याला पुढे जोडणारी फायबर कुठेतरी तुटलेली असते. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडणे ही बाब तर बारमाही आहे.

यावर संस्थेच्या हातात असलेले उपाय मर्यादित पण परिणामकारक आहेत. वसतिगृह अधीक्षक आणि चौकीदार यांच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिम असावे. वसतिगृहातील वाय-फायचा राउटर आणि त्याच्यामागचा स्विच इन्व्हर्टरवर घ्यावा, आणि विद्यार्थ्यांनी फोनमधील ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू ठेवावे. संस्थेची इंटरनेट जोडणी शाबूत असेल तर टॉवर नसतानाही कॉल आणि बहुतेक हँडसेटवर संदेशही त्या मार्गाने येतात. राउटर इन्व्हर्टरवर आणि स्विच मुख्य लाइनवर, अशी अर्धवट जोडणी फार ठिकाणी दिसते आणि वीज असताना ती लक्षातही येत नाही, म्हणून मुख्य बटण पाडून एकदा प्रत्यक्ष पाहावे.

इथे एक मतही नोंदवतो. कोणत्या संकटासाठी एसएमएस चालेल हे हाताशी असलेल्या वेळेवरून ठरवावे. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगेचे पाणी खालच्या गावांत पोचायला काही तास लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्याने ते पाहिले आहे. अशा सूचनेसाठी एसएमएस उत्तम आहे. विजेच्या बाबतीत मात्र हाती काही मिनिटेच असतात. चमक दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा लगेच पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, हा नियम प्रक्षेत्रावरील मजुराला पाठ असणे हे त्याच्या फोनवर सूचना येण्यापेक्षा अधिक भरवशाचे आहे. आणि बिबटासाठी चौकीदाराची शिट्टी आणि वसतिगृहाचा भोंगा एसएमएसच्या आधी वाजला पाहिजे.

फोनमध्ये पोचला, पण कळला नाही

अहवालात पोच आहे, क्रमांक बरोबर आहे, तरीही विद्यार्थ्याला कळले नाही, असे असेल तर संदेशांच्या ॲपमधील ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ हा कप्पा आधी उघडावा. संस्थेने त्याच शीर्षकावरून शुल्क भरण्याच्या आठवणी वारंवार पाठवल्या असतील तर विद्यार्थ्याने ते कधीचेच ब्लॉक केलेले असते, आणि त्यात त्याला फारसा दोष देता येत नाही. आपत्कालीन सूचनांसाठी स्वतंत्र शीर्षक घ्यावे आणि त्यावरून शुल्क, गुणपत्रिका, वेबिनार यांपैकी काहीही पाठवू नये.

संस्थेचे स्वतःचे ॲप असेल तर त्याची एक खास अडचण आहे. आपत्कालीन ॲप हे महिनोन्‌महिने न उघडण्यासाठीच असते, आणि ॲन्ड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. १२ व्या आवृत्तीपासून तर असे ॲप निद्रिस्त केले जाते आणि त्याच्या सूचना येणेच थांबते. जुलैत घेतलेले ॲप पुढच्या उन्हाळ्यातल्या वणव्याच्या वेळी मुके असते ते यामुळे. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन ‘वापरात नसल्यास थांबवा’ अशा अर्थाचे बटण बंद करावे, बॅटरीचे निर्बंध काढावेत आणि ज्या कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ आहे तिथे तो सुरू करावा. ॲन्ड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागितली जाते. ॲप घेताना घाईत ‘नको’ म्हटले असेल तर ती स्वतः जाऊन द्यावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारे ॲपही याच कारणांनी गप्प बसते, आणि त्याला स्थानाची परवानगीही लागते.

व्हॉट्सॲप गटांबद्दल कमीच लिहितो. गट म्यूट असतो, डेटा संपलेला असतो आणि महत्त्वाची सूचना शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. पूरक माध्यम म्हणून, फक्त प्रशासकाने लिहायचा गट ठेवावा.

सरकारी इशारा वेगळा ओळखावा

२०२३ मध्ये दूरसंचार विभागाने देशभर चाचणी घेतली तेव्हा फोन मोठ्या आवाजात थरथरत वाजले होते. तो एसएमएस नव्हता. ते सेल ब्रॉडकास्ट होते, म्हणजे टॉवर आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश देतो आणि त्यासाठी कोणाचाही क्रमांक लागत नाही. त्यामुळे यादी, डीएनडी, मसुदा यांची कोणतीही अडचण तिथे येत नाही आणि नेटवर्कवर गर्दी असली तरी तो अडत नाही. मात्र ही सोय महाविद्यालयाला वापरता येत नाही. ती राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून अधिकृत शासकीय संस्थांमार्फत चालते आणि तिचा इशारा जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो, तुमच्या नाल्याचा नसतो. म्हणून दोन्ही व्यवस्था हव्यात. त्या चाचणीच्या आवाजाला वैतागून अनेकांनी हे इशारे बंद केलेले आहेत. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ असे शोधावे, आयफोनमध्ये ‘नोटिफिकेशन्स’च्या पानावर सर्वांत खाली पाहावे, आणि ते सुरू करून ठेवावेत.

बटण दाबणारा कुठे आहे

काही वेळा अहवालात दोष सापडतच नाही, कारण संदेश वेळेवर पाठवलाच गेलेला नसतो. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. तोवरचा वेळ यंत्रात गेला नव्हता, निर्णयात गेला होता. आमच्याकडे संकटाचे स्वरूप वेगळे असले तरी विलंबाची घडण ओळखीची आहे. चौकीदार अधीक्षकांना सांगतो, अधीक्षक कुलसचिवांना, ते मजकूर पाहून मंजुरी देतात, आणि मग कळते की पोर्टलमध्ये प्रवेशाचा ओटीपी ज्या लिपिकाच्या फोनवर येतो तो सुटीवर गावाला आहे आणि तिथे रेंज नाही. किंवा पोर्टल फक्त कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीवरून उघडते आणि रात्री कार्यालयाला कुलूप असते. यासाठी किमान तिघांची स्वतंत्र खाती असावीत, त्यांपैकी एक तरी परिसरात मुक्कामी असावा, आणि वीज, पूर, वन्यप्राणी, आग या ठरलेल्या मसुद्यांसाठी पूर्वमंजुरीची गरज नसल्याचा लेखी आदेश निघालेला असावा. नवा मजकूर असेल तरच साहेबांना उठवावे.

‘धोका टळला’ आणि ‘आधीची सूचना चुकीची होती’ हे दोन मसुदेही त्याच दिवशी मंजूर करून घ्यावेत. जानेवारी २०१८ मध्ये हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा फोनवर गेला आणि तो चुकीचा असल्याचा दुसरा संदेश जायला ३८ मिनिटे लागली, कारण तो कोणी तयार ठेवलेला नव्हता. प्रत्येक संदेशानंतर विद्यार्थी कार्यालयाला फोन करू लागतात आणि लाइन अडवतात, म्हणून वसतिगृहाच्या फलकावर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागाचा १९२६ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक ठळक लिहिलेले असावेत.

एवढे करूनही दोष राहिला तर पुरवठादाराकडे तक्रार करताना ‘संदेश जात नाहीत’ असे मोघम लिहू नये; त्याला उत्तरही मोघमच येते. संदेशाचा आयडी, मसुद्याचा नोंदणी क्रमांक, शीर्षक, पाठवल्याची नेमकी वेळ, अहवालातील त्रुटीचा संकेतांक आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन-चार नमुना क्रमांक, ज्यांपैकी एक-दोनांना संदेश मिळालेला असावा, एवढे तपशील ईमेलने पाठवावेत. मसुदा जुळत नसल्याचे उत्तर आले, तर मंजूर मजकूर आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर अक्षरशः कुठे वेगळे ठरले, हे त्यांच्या नोंदीतून लेखी मागवावे. फोनवर ही माहिती मिळत नाही, आणि मिळाली तरी पुढच्या जूनमध्ये दाखवायला हाती कागद लागतो.